मासिक पाळी आणि विटाळाचे मौन

बंगळूर नगराच्या पूर्व भागात मारतहळ्ळी नावाची वस्ती आहे. एकेकाळचे हे खेडे आज बाह्य वळणमार्गावरील संगणक-उद्योगाची कार्यालये, कापडाची दुकाने आणि नोकरदार तरुण-तरुणींची वसतिगृहे ह्यांनी गजबजून गेले आहे. महाराष्ट्रातून नोकरीसाठी बंगळुरास गेलेल्या अनेक मुली अशाच वसतिगृहांतून राहतात आणि अशाच कार्यालयांतून काम करतात. ज्या घरांत त्यांच्या आज्या महिन्यातील चार दिवस ओटीच्या कोपऱ्यात घोंगडीवर बसत, त्याच घरांतील ह्या नाती होत. त्यांच्या वाट्याला तो कोपरा आला नाही. मग त्या कोपऱ्यामागची कल्पना नाहीशी झाली काय, हा प्रश्न विचारण्यास अलीकडे एक चांगले निमित्त मिळाले आहे.

९ ऑक्टोबर २०२५ रोजी कर्नाटक राज्याच्या मंत्रिमंडळाने मासिक पाळीच्या रजेचे धोरण संमत केले व नोव्हेंबरमध्ये त्याचा आदेश निघाला. त्यानुसार १८ ते ५२ वर्षे वयाच्या नोकरदार स्त्रीला दरमहा १ दिवस, म्हणजे वर्षातून १२ दिवस, भरपगारी रजा मिळावयाची आहे. तीसाठी वैद्यकीय प्रमाणपत्र दाखविण्याचे कारण नाही. कारखाने, दुकाने व व्यापारी आस्थापना, मळे, विडी-उद्योग आणि मोटार-वाहतूक इतक्या क्षेत्रांतील स्त्रियांचा विचार ह्या आदेशात केलेला आहे. ही कल्पना अगदी नवी नव्हे. बिहार शासनाने १९९२ मध्येच आपल्या स्त्री-कर्मचाऱ्यांना दरमहा २ दिवसांची अशी रजा दिली होती. तथापि खाजगी उद्योगांपर्यंत तिची व्याप्ती नेणे, हे पाऊल निश्चितच मोठे होय.

ह्या धोरणावर वादही पुष्कळ झाला. अशी रजा सक्तीची केल्यास मालक स्त्रियांना नोकरीवर घेण्याचेच टाळतील, ही भीती सर्वोच्च न्यायालयानेही जुलै २०२४ मध्ये एका याचिकेच्या सुनावणीत बोलून दाखविली होती. डिसेंबर २०२५ मध्ये मालकांच्या बाजूने हा प्रश्न कर्नाटक उच्च न्यायालयापुढे नेण्यात आला. हे आक्षेप विचारात घेण्याजोगे आहेत. परंतु ह्या वादाच्या गदारोळात एक अगोदरचा प्रश्न मागे पडतो. रजा मिळण्यापूर्वी ती मागावी लागते. आणि मागण्यासाठी ज्या गोष्टीचे नाव घ्यावयाचे, तिचे नाव घेणे आजही लज्जास्पद मानले जाते. मारतहळ्ळीतील एखाद्या कार्यालयात सुशिक्षित तरुणी आपल्या पुरुष अधिकाऱ्यास डोके दुखत असल्याचे सांगून घरी जात असेल, तर कोपरा गेला पण विटाळ राहिला, असेच म्हणावे लागेल.

विटाळाचे आजचे खरे स्वरूप ‘शिवू नको’ हे नसून ‘बोलू नको’ हे आहे, आणि स्त्रीच्या आरोग्याची अधिक हानी ह्या दुसऱ्या आज्ञेने होत आहे. ते कसे, हे पाहण्यासाठी प्रथम शरीरात काय घडते ते नीट समजून घेतले पाहिजे.

शरीरातील घटना

मेंदूच्या तळाशी पोष ग्रंथी नावाची एक वाटाण्याएवढी ग्रंथी असते. तिच्यातून निघणाऱ्या संप्रेरकांच्या प्रेरणेने स्त्रीच्या बीजकोशात दरमहा एक बीज पक्व होऊ लागते. ते वाढत असताना बीजकोशातून इस्ट्रोजेन हे संप्रेरक रक्तात मिसळते आणि त्याच्या प्रभावाने गर्भाशयाचे आतील अस्तर जाड होत जाते. पुढील पाळीच्या सुमारे चौदा दिवस आधी बीज बाहेर पडते. ज्या पुटकातून ते बाहेर पडले त्याचा पीतपिंड बनतो व तो प्रोजेस्टेरोन हे दुसरे संप्रेरक निर्माण करतो. ह्या संप्रेरकाने ते अस्तर रक्तवाहिन्यांनी व पोषक द्रव्यांनी समृद्ध होते. येणाऱ्या गर्भासाठी मांडलेले हे अंथरुणच होय.

गर्भधारणा झाली नाही, तर पीतपिंड दहा-चौदा दिवसांत सुकतो, प्रोजेस्टेरोनचे प्रमाण एकदम खाली येते, अस्तरातील वळणदार रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि अस्तराचा वरचा थर सुटून बाहेर पडतो. तो बाहेर ढकलण्यासाठी गर्भाशयाचे स्नायू आवळले जातात. त्यांना आवळावयास लावणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये अधिक प्रमाणात निर्माण झाली की पोटात कळा येतात. ह्या कळा मनाचे खेळ नव्हेत किंवा नाजूकपणाचे ढोंगही नव्हे. त्यांना रासायनिक कारण आहे आणि ती द्रव्ये कमी करणाऱ्या औषधांनी त्या बहुधा थांबतात.

जो स्राव बाहेर पडतो त्यात सुमारे निम्मा भाग रक्त असतो व उरलेल्या भागात अस्तराच्या पेशी आणि इतर स्राव असतात. शरीरात हिंडणारे जे रक्त, तेच हे रक्त. ते ‘अशुद्ध’ झालेले, शरीराने साठवून मग टाकून दिलेले रक्त नव्हे. एका पाळीत जाणारे रक्त सरासरीने ३० ते ४० मिलिलिटर, म्हणजे दोन-तीन मोठे चमचे, इतके असते. ८० मिलिलिटरच्या वर ते जाऊ लागले की वैद्यकशास्त्र त्यास अतिस्राव म्हणते. अस्तर सुटल्यावर उघडा पडलेला भाग अवघ्या काही दिवसांत भरून येतो व मागे व्रणही राहत नाही. प्रौढ शरीरात इतक्या नियमाने आणि इतक्या स्वच्छपणे भरून येणारी दुसरी जखम दाखविणे कठीण आहे.

सृष्टीत ही घटना विरळ आहे. माणूस, वानरवर्गातील काही प्राणी, वटवाघळांच्या काही जाती आणि आणखी दोन-चार लहान सस्तन प्राणी एवढ्यांनाच मासिक स्राव होतो. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठाच्या संशोधकांनी काटेरी उंदराच्या एका जातीतही तो होतो असे दाखवून दिले, तेव्हा प्रयोगशाळेत ह्या घटनेचा अभ्यास करण्यासाठी प्रथमच एक सोयीचा लहान प्राणी हाती आला. मानवजातीच्या निम्म्या भागाशी निगडित असलेल्या ह्या क्रियेचा अभ्यास इतका उशिरा रुळावर यावा, ह्यातही संकोचाचा वाटा नाहीच असे म्हणवत नाही.

विटाळाची परीक्षा

पाळीच्या वेळी स्त्रीच्या स्पर्शाने लोणचे नासते, पापड बिघडतात, तुळस करपते, अशा समजुती महाराष्ट्रात घरोघर होत्या व काही ठिकाणी अद्यापि आहेत. त्या केवळ आपल्याच देशातील आहेत असे नाही. पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार प्लिनी ह्यानेही अशा स्त्रीच्या सान्निध्याने द्राक्षरस आंबट होतो व उभी पिके सुकतात, असे आपल्या सृष्टिवर्णनाच्या ग्रंथात नमूद करून ठेवले आहे. जेथे कारण कळत नाही तेथे भीती उभी राहते, आणि न दुखावता वाहणारे रक्त हे आदिम माणसाला भयप्रद वाटले असल्यास नवल नाही.

परंतु ह्या प्रकरणात विज्ञानाचेही एक पान काळे आहे आणि ते झाकून ठेवणे विज्ञानाला शोभणारे नाही. १९२० मध्ये व्हिएन्ना येथील बेला शिक ह्या डॉक्टराने पाळी आलेल्या स्त्रीच्या हातून फुले कोमेजतात असा निष्कर्ष प्रसिद्ध केला व त्याचे कारण म्हणून एका विषाची कल्पना मांडली. ‘मेनोटॉक्सिन’ ह्या नावाने ते पुढे ओळखले जाऊ लागले. शिक हा सामान्य माणूस नव्हता. घटसर्पाच्या प्रतिकारशक्तीची जी चाचणी कित्येक वर्षे जगभर वापरली गेली ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. त्याच्यामागून अमेरिकेत डेव्हिड माख्त आदी संशोधकांनी रोपट्यांवर प्रयोग केले आणि ‘विष’ सापडल्याचे सांगितले. प्रयोगातील स्त्रिया मोजक्या, तुलनेची व्यवस्था अपुरी आणि निष्कर्ष मात्र आधीच मनात ठरलेला, असा हा प्रकार होता. पुढे ह्या स्रावाने प्रयोगशाळेतील प्राणी मरतात असेही दिसले, तेव्हा विषाच्या कल्पनेला जोर आला. १९५३ मध्ये बर्नहार्ड झोंडेक ह्या शास्त्रज्ञाने त्या मृत्यूंचे कारण जंतुसंसर्ग असल्याचे दाखविले. जंतूंचा बंदोबस्त केला की तथाकथित विषही नाहीसे होत असे. कोणतेही रक्त उघड्यावर साठवून ठेवले तर त्यात जंतू वाढणारच. ह्यात स्त्रीचा काय दोष?

ह्या कथेवरून घेण्याचा बोध असा की, विटाळाची समजूत अडाण्यांचीच असते असे नाही. विद्वानांच्या प्रयोगशाळेतही ती पांढरा अंगरखा घालून शिरू शकते. विज्ञानाचा गुण एवढाच की, प्रयोग पुन्हा करून पाहण्याची मुभा ते सर्वांना देते. लोणच्याच्या दोन बरण्या सारख्याच मसाल्याने, सारख्याच स्वच्छतेने भराव्या. एकीत पाळी आलेल्या स्त्रीने हात घालावा, दुसरीत अन्य कोणी. आणि कोणती बरणी कोणाची हे ठाऊक नसलेल्या तिसऱ्या माणसाने महिन्याने ती पाहावी. ज्यांना शंका असेल त्यांनी हा प्रयोग अवश्य करावा. लोणचे ओलसर चमच्याने नासते, मीठ कमी पडल्याने नासते. पाळीने नासत नाही.

परंपरेतही ह्या समजुतीला विरोध करणारे झाले आहेत, हे विसरता कामा नये. तेराव्या शतकात महानुभाव पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधर ह्यांनी हा स्राव शरीराच्या इतर स्रावांसारखाच एक असून त्याचा विटाळ मानू नये, अशी शिकवण दिल्याचे त्या पंथाची परंपरा सांगते. चौदाव्या शतकात सोयराबाईंनी आपल्या अभंगातून देहाच्या विटाळाच्या कल्पनेलाच आव्हान दिले. मुलगी प्रथम ऋतुमती झाली म्हणजे तिला मखरात बसवून ‘न्हाण’ साजरे करण्याची चाल महाराष्ट्रात कित्येक घरांत होती. आसामात कामाख्या देवीच्या ऋतुस्रावाचा अंबुवाची उत्सव आजही भरतो. ज्या क्रियेचा पहिला दिवस मंगल, तिचाच पुढील प्रत्येक दिवस अमंगल, ही विसंगती कोणत्याही शास्त्राने सुटणारी नाही. हिशेब करून पाहा: महिन्याचे ५ दिवस, वर्षाच्या १२ पाळ्या आणि अशी ३५ वर्षे धरली तर २,१०० दिवस होतात. म्हणजे विटाळ काटेकोर पाळणारा समाज स्त्रीच्या आयुष्यातील पावणेसहा वर्षे तिला अपवित्र ठरवितो. गर्भारपणाचे आणि अंगावर पाजण्याचे दिवस वजा केले तरी ही संख्या लहान होत नाही.

विश्रांतीचे समर्थन

जुन्या चालीचे समर्थक एक युक्तिवाद नेहमी करतात. बाजूला बसविण्याने स्त्रीला विश्रांती मिळत असे. अखंड राबणाऱ्या बाईला तेवढेच चार दिवस सुटका होती. पूर्वजांनी हे तिच्या सोयीसाठीच योजले. ह्या म्हणण्यात सत्याचा अंश नाही असे नाही. पुष्कळ वृद्ध स्त्रियांनी त्या चार दिवसांची आठवण थोड्या समाधानानेही सांगितली आहे. परंतु विश्रांती हाच हेतू असता, तर बाळंतिणीसारखे तिचे कोडकौतुक झाले असते. देवाच्या खोलीची दिशा, पाण्याचा हंडा आणि मुलाचा स्पर्श तिला वर्ज्य झाला नसता. शिवाय जिचे पोट रोजच्या मजुरीवर, तिला ही विश्रांती कधी मिळालीच नाही. गडचिरोली जिल्ह्यात माडिया समाजातील स्त्रिया पाळीच्या दिवसांत गावाबाहेरच्या ‘कुर्माघरा’त राहतात, अंधारात, पुरेशा निवाऱ्यावाचून आणि सर्पदंशाचे भय उशाला घेऊन काढलेल्या रात्रींना विश्रांती हे नाव देणे म्हणजे शब्दाचाच अपमान होय. नेपाळात अशाच चालीपायी स्त्रियांचे मृत्यू झाले, तेव्हा २०१७ मध्ये तेथील संसदेने ती दंडनीय ठरविली.

येथेच कर्नाटकातील रजा आणि आजीचा कोपरा ह्यांतील भेद स्पष्ट होतो. दोन्हींत स्त्री कामापासून दूर राहते. परंतु कोपऱ्यात तिला बसविले जाते आणि रजा ती स्वतः घेते. दुखत नसतानाही दूर राहावे लागणे हा विटाळ. दुखत असताना दूर राहता येणे हा हक्क. ह्या कसोटीने पाहिले तर रजा म्हणजे विटाळाचेच नवे रूप, ही टीका टिकत नाही. मात्र रजा घेणारीकडे सहकाऱ्यांनी चोरट्या नजरेने पाहिले आणि त्या नजरेच्या भीतीने तिने ती घेतलीच नाही, तर तिचा हक्क कागदावरच राहील.

मौनाची किंमत

मारतहळ्ळीतील तरुणीला मौनाची किंमत एखाद्या दिवसाच्या कळांनी द्यावी लागते. परंतु ह्याच मौनाची किंमत मराठी मुलखातील दुसऱ्या एका वर्गातील स्त्रियांनी आपल्या अवयवाने दिली आहे.

बीड जिल्ह्यातून दरवर्षी लक्षावधी माणसे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो. मुकादम हंगामापूर्वी उचल देतो आणि मग सुमारे सहा महिने ती फेडण्यासाठी पहाटेपासून राबावे लागते. एक दिवस काम चुकले तर ‘खाडा’ धरून पैसे कापले जातात. मुक्काम पालात किंवा कोपीत. शौचालय नाही, न्हाणीघर नाही, पुरेसे पाणी नाही. अशा स्थितीत पाळीचे चार दिवस काढणे म्हणजे काय, हे निराळे सांगावयास नको. २०१९ मध्ये येथील स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचे वृत्त बाहेर आले, तेव्हा राज्य शासनाने नीलम गोऱ्हे ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्यासाठी झालेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे शेकडा जवळजवळ १७. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण देशभर शेकडा सुमारे ३ आहे.

ह्या अनर्थाची कारणे अनेक आहेत. मजुरीची दुष्ट पद्धत हे एक. खाडा वाचविण्याची विवंचना हे दुसरे. शस्त्रक्रियेतून पैसा मिळविणारे काही खाजगी दवाखाने हे तिसरे. परंतु ही तिन्ही कारणे ज्या जमिनीत रुजली ती जमीन अज्ञानाची व मौनाची आहे. कंबर दुखते, अंगावरून पांढरे जाते, पाळी लांबते, अशी तक्रार घेऊन बाई दवाखान्यात येते. तिच्यापाशी आपल्या अवयवासाठी ‘पिशवी’ एवढा एकच शब्द असतो. ‘पिशवी खराब झाली आहे, ठेवली तर कर्करोग होईल,’ असे कोणी सांगितले की ती घाबरते. किती रक्तस्राव नेहमीचा आणि किती अधिक, पांढरे जाणे संसर्गाने होते व औषधाने बरे होते काय, गर्भाशय काढले तर पुढे काय, हे प्रश्न विचारण्यासाठी जी किमान माहिती लागते ती तिला आईने दिलेली नसते, शाळेने दिलेली नसते, नवऱ्याला तर ती ठाऊकच नसते. ज्या अवयवाविषयी जन्मभर बोलावयाचे नाही असे शिकविले गेले, तो निरुपयोगी म्हणून काढून टाकण्यास स्त्री सहज तयार होते. किंबहुना कटकट गेली असेच तिला वाटते.

गर्भाशय काढणे कधी कधी अटळ असते व त्याने प्राणही वाचतात. परंतु तिशी-पस्तिशीत विनाकारण केलेली ही शस्त्रक्रिया निरुपद्रवी नव्हे. बीजकोशही काढले गेले तर ऋतुनिवृत्ती तत्काळ येते. हाडे ठिसूळ होऊ लागतात व हृदयविकाराचा संभव वाढतो. बीजकोश ठेवले तरी ऋतुनिवृत्ती नेहमीपेक्षा लवकर येण्याची शक्यता असते. ज्या बाईची सारी मिळकत तिच्या पाठीच्या कण्यावर, तिला ह्या व्यवहारात काय मिळाले? एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वे अंमलात आणण्यास सर्व राज्यांना सांगितले, हे योग्यच झाले. तथापि दवाखान्यावरचा पहारा हा शेवटचा उपाय. पहिला उपाय रुग्णाचे ज्ञान.

मौनाचे बळी केवळ बीडमध्ये आहेत असे नाही. गर्भाशयाच्या अस्तरासारखे ऊतक गर्भाशयाबाहेर वाढल्याने होणारा एंडोमेट्रिओसिस हा विकार जननक्षम वयातील शेकडा सुमारे १० स्त्रियांत आढळतो. परंतु ‘बाईच्या जातीला सोसावेच लागते’ ह्या शिकवणीने वर्षानुवर्षे त्याचे निदान होत नाही. २०१९ ते २०२१ ह्या काळातील राष्ट्रीय पाहणीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या शेकडा ५७ स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे दिसले. त्याला निकृष्ट आहार, जंत, वारंवारची बाळंतपणे अशी पुष्कळ कारणे आहेत. अतिस्राव हेही एक आहे, आणि जिला अतिस्राव म्हणजे किती हेच ठाऊक नाही तिच्या बाबतीत ते कारण कोण शोधणार?

शब्दांची आवश्यकता

मराठी भाषेत ह्या घटनेला नावांची वाण नाही. कावळा शिवला, ती बाहेरची झाली, बाजूला बसली, अडचण आली, असे किती तरी प्रयोग आहेत. त्या सर्वांत एक समान गुण आहे: त्यांपैकी एकही वैद्याच्या उपयोगाचा नाही. कावळा शिवला ह्यावरून किती दिवस, किती स्राव, किती वेदना ह्यांचा काहीही बोध होत नाही. झाकण्यासाठी घडविलेल्या भाषेत रोग सांगता येत नाही. र. धों. कर्वे ह्यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून शरीराविषयी सरळ मराठीत लिहिले. त्याबद्दल त्यांना अश्लीलतेचे खटले सोसावे लागले आणि १९३४ मध्ये त्यांच्या बचावास डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. कर्व्यांनंतर इतक्या वर्षांनी तरी मराठी घरांत ‘पाळी’ हा साधा, निर्मळ शब्द मोठ्याने उच्चारता यावा, ही अपेक्षा अवास्तव नाही.

ज्ञानाचा भार केवळ मुलींवर टाकूनही चालणार नाही. जुलै २०२५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील शहापूर येथील एका शाळेत स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले म्हणून, ते कोणाचे हे शोधण्यासाठी मुलींचे कपडे उतरवून तपासणी करण्यात आली आणि मुख्याध्यापिकेस अटक झाली. हे कृत्य ज्यांच्या हातून घडले त्या स्वतः स्त्रिया होत्या, सुशिक्षित होत्या. जीवशास्त्राचे प्रकरण पाठ केल्याने विटाळ जात नाही, हे ह्यावरून उघड आहे. अनेक वर्गांत तर ते प्रकरण घाईने उरकले जाते किंवा मुलांना बाहेर पाठवून मुलींनाच शिकविले जाते. त्यामुळे मुलगे एवढेच शिकतात की ही गोष्ट लपविण्याची आहे. आणि उद्या तेच नवरे, मुकादम व कार्यालयातील अधिकारी होतात. २०१८ मध्ये पाळीच्या पॅडवरील कर रद्द झाला; १५ ते २४ वर्षे वयाच्या शेकडा ७७ मुली आता आरोग्यदायी साधन वापरतात. ही प्रगती आनंदाची आहे. परंतु ते पॅड दुकानदार अद्यापि वर्तमानपत्रात गुंडाळून किंवा काळ्या पिशवीत घालून देतो. वस्तू घरात आली, शब्द मात्र बाहेरच राहिला.

ह्यास्तव प्रत्येक घरात निदान इतके तरी सर्वांना ठाऊक असावे. प्रौढ स्त्रीची पाळी साधारणतः २१ ते ३५ दिवसांनी यावी. कोवळ्या वयात पहिली काही वर्षे ती अनियमित असू शकते. स्राव ७ दिवसांहून अधिक चालला, तासा-दोन तासांनी पॅड भिजून बदलावे लागू लागले, मोठ्या गाठी पडल्या, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसले, कळांनी नेहमीचे काम अशक्य झाले, अथवा सोळावे वर्ष उलटूनही पाळी आली नाही, तर डॉक्टरांकडे जावे. आणि गर्भाशय काढण्याचा सल्ला मिळाला तर तातडीचे संकट नसल्यास दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्यावाचून संमती देऊ नये. ही माहिती वडिलांना व भावांनाही असावी, कारण दवाखान्यापर्यंत नेणारे व पैसे देणारे बहुधा तेच असतात.

कर्नाटकाची रजा टिकेल किंवा बदलेल. महाराष्ट्र ती घेईल किंवा न घेईल. ऊसाच्या फडापर्यंत तिचा लाभ पोहोचविणे हे तर आणखी अवघड काम आहे. तेथे रजेआधी पाणी, शौचालय आणि खाड्याच्या पद्धतीचा बंदोबस्त झाला पाहिजे. ही कामे शासनाची आहेत आणि ती शासनाकडून करून घेतली पाहिजेत. परंतु एक काम कोणत्याही आदेशाची वाट न पाहता होण्याजोगे आहे. मुलीने जेवणाच्या वेळी सर्वांदेखत ‘आज माझी पाळी आहे, पोट दुखते’ असे सांगावे आणि घरातील कोणीही मान खाली घालू नये. ज्या घरात हे वाक्य सहज बोलले जाईल, त्या घरातील मुलगी मारतहळ्ळीच्या कार्यालयात आपली रजा न लाजता मागेल. आणि फडावर गेली तरी आपले गर्भाशय कोणाच्याही सांगण्यावरून सहजासहजी काढू देणार नाही.